माणसांचा ओघ आणि घरांचे भाव

अमेरिकी शहरात भाड्याने देण्यासाठी घेतलेल्या घराची कमाई त्या घराच्या भिंतींवर फारशी अवलंबून नसते. लाकडी सांगाडा, छप्पर, वातानुकूलन यंत्रणा हे सगळे दरवर्षी जुने होत जाते आणि त्यावर खर्चच करावा लागतो. वाढते ती खालच्या जमिनीची किंमत. तीही तेव्हाच वाढते, जेव्हा त्या गावात राहू पाहणारी कुटुंबे तिथल्या घरांपेक्षा जास्त असतात. म्हणून हजारो घरांची मालकी असलेली कंपनी असो की निवृत्तीची पुंजी एका घरात घालणारे जोडपे, अमेरिकेच्या जनगणना विभागाचे वार्षिक अंदाज दोघांच्याही कामाचे असतात. मात्र 'लोकसंख्या वाढली की भाव वाढणारच' ही समजूत गेल्या शंभर वर्षांत पुन्हा पुन्हा खोटी ठरली आहे आणि तिच्यापायी अनेकांचे हात पोळले आहेत.

शहराची लोकसंख्या तीन वाटांनी बदलते. जन्म आणि मृत्यू यांतला फरक ही पहिली वाट, देशातल्या देशात होणारे स्थलांतर ही दुसरी आणि परदेशातून येणारे लोक ही तिसरी. पहिली वाट आता अरुंद होत चालली आहे. 2010 च्या जनगणनेत अमेरिकेची लोकसंख्या 30.87 कोटी होती, 2020 मध्ये ती 33.14 कोटी झाली. 7.4 टक्क्यांची ही वाढ 1930 च्या दशकानंतरची सर्वांत मंद वाढ होती. नंतर परदेशी स्थलांतराने चित्र पालटले. जनगणना विभागाच्या अंदाजानुसार जुलै 2023 ते जुलै 2024 या वर्षात देशात सुमारे 33 लाख माणसे वाढली आणि त्यातली सुमारे 28 लाख बाहेरून आलेली होती. 2025 मध्ये सरकारी धोरण बदलताच हा ओघ झपाट्याने आटला. शहरांच्या वाढीचा एवढा मोठा हिस्सा वॉशिंग्टनमधल्या निर्णयांवर टांगलेला असणे ही गुंतवणूकदाराच्या दृष्टीने मोठी जोखीम आहे.

देशांतर्गत स्थलांतराचे गणित वेगळे. त्यात एका शहराला मिळालेला माणूस दुसऱ्या शहराने गमावलेला असतो, देशाच्या बेरजेत काहीच भर पडत नाही. शिवाय अमेरिकी माणूस सारखा घर बदलत असतो हे चित्रही जुने झाले. 1948 च्या सुमारास दरवर्षी पाचातला एक जण राहते घर बदलत असे. आता हे प्रमाण आठ-नऊ टक्क्यांवर आले आहे.

घरे मात्र डोक्यांच्या हिशेबाने लागत नाहीत, चुलींच्या हिशेबाने लागतात. 1960 मध्ये एका अमेरिकी कुटुंबात सरासरी 3.33 माणसे होती, 2020 मध्ये ती अडीचवर आली. दहा लाख वस्तीच्या शहराला पहिल्या हिशेबाने तीन लाख घरे पुरतात, दुसऱ्या हिशेबाने चार लाख लागतात. म्हणजे एकही माणूस न वाढता लाखभर घरांची मागणी उभी राहते. उशिरा लग्ने, घटस्फोट, एकटे राहणारे वृद्ध या सगळ्यांची त्यात भर असते. वयाचाही प्रश्न आहेच. फ्लोरिडातला 'द व्हिलेजेस' हा निवृत्तांसाठी वसवलेला परिसर 2010 ते 2020 या दशकात 39 टक्क्यांनी वाढला आणि देशातल्या महानगर क्षेत्रांत वाढीच्या वेगात पहिला आला. पण तिथे हवीत बैठी घरे, दवाखाने आणि गोल्फची मैदाने. शाळेच्या नावावर जिथे भाव चढतात, तशी ही बाजारपेठ नाही.

आलेल्या माणसांमुळे मालमत्तेची किंमत वाढेल की नाही, हे एके काळी कर्ज देणारेच ठरवत. 1910 ते 1970 या काळात सुमारे 60 लाख कृष्णवर्णीय अमेरिकी दक्षिणेतून शिकागो, डेट्रॉइट, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क अशा उत्तरेकडच्या शहरांत गेले. देशाच्या इतिहासातल्या मोठ्या स्थलांतरांपैकी हे एक. पण 1930 च्या दशकात केंद्र सरकारच्या गृहकर्ज संस्थेने शहरांचे जे नकाशे केले, त्यांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने 'धोकादायक' म्हणून दाखवलेल्या होत्या. सरकारी हमीचे कर्ज या वस्त्यांच्या वाट्याला जवळजवळ आलेच नाही. मागणी प्रचंड होती, माणसे एका घरात दाटीवाटीने राहत होती, भाडी चढी होती, तरी मालकी त्यांच्या हाती येत नव्हती. शिकागोत दलाल स्वस्तात घर घेऊन ते कृष्णवर्णीय कुटुंबाला चढ्या किमतीने हप्त्यांच्या करारावर विकत. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी दलालाचीच राही आणि एखादा हप्ता चुकला तरी घर आणि भरलेला सगळा पैसा जाई. त्याच काळात कर्ज, महामार्ग आणि नवी उपनगरे गोऱ्या कुटुंबांची मालमत्ता वाढवत होती. 1968 च्या गृहनिर्माण समानता कायद्याने हा भेदभाव बेकायदा ठरला, पण दोन पिढ्यांची हुकलेली मालमत्ता कायद्याने भरून निघाली नाही. त्या नकाशांतल्या अनेक वस्त्यांत घरांच्या किमती आजही शेजारच्या भागांपेक्षा कमी आहेत.

दुसऱ्या महायुद्धानंतर ओघाची दिशा दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे वळली. घरोघरी आलेले वातानुकूलन, 1956 च्या कायद्यानंतर बांधलेले आंतरराज्य महामार्ग, संरक्षण उद्योगाचे कारखाने आणि थंडीला कंटाळलेले निवृत्त लोक यांच्या बळावर टेक्सास, ॲरिझोना, फ्लोरिडा वाढू लागले. फीनिक्समध्ये 1950 साली जेमतेम एक लाख सात हजार माणसे होती. 2020 मध्ये ती 16 लाखांवर गेली आणि फिलाडेल्फियाला मागे टाकून फीनिक्स देशातले पाचवे मोठे शहर झाले. टेक्सास आणि फ्लोरिडात राज्याचा वैयक्तिक आयकर नाही, हे आकर्षणही मोठे आहे. पण सरकारला पैसा कुठून तरी लागतोच. टेक्सासच्या अनेक उपनगरांत मालमत्ता कर घराच्या किमतीच्या दोन टक्क्यांच्या आसपास जातो आणि तो दरवर्षी भरावा लागतो.

माणसे आली की भाव किती चढेल, याचे खरे उत्तर नवी घरे किती लवकर बांधता येतात यात आहे. ह्यूस्टन आणि सान फ्रान्सिस्को ही दोन शहरे शेजारी ठेवली की हे लख्ख दिसते. ह्यूस्टनभोवती सपाट माळ आहे आणि कुठल्या जमिनीवर काय बांधावे हे ठरवणारा झोनिंगचा कायदा त्या शहरात नाही. शहराची वस्ती 2020 मध्ये 23 लाखांवर गेली, तरी अनेक दशके तिथली घरे मध्यम उत्पन्नाच्या माणसाच्या आवाक्यात राहिली, कारण मागणी वाढताच बिल्डर आणखी पुढच्या शेतात वसाहत टाकत गेले. सान फ्रान्सिस्कोला तीन बाजूंनी पाणी आहे, उरलेल्या जागेत टेकड्या आहेत आणि प्रत्येक नव्या इमारतीवर आक्षेप घेण्याची मुभा शेजाऱ्यांना दीर्घकाळ मिळत आली. तिथे माणसे थोडी वाढली पण भाव अफाट वाढले. अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट साइझ यांनी 2010 साली उपग्रहांच्या माहितीवरून अमेरिकी शहरांभोवतीचे पाणी आणि तीव्र उतार मोजले आणि बांधायला जागा कमी असलेल्या शहरांत घरे जास्त महाग असतात हे दाखवून दिले. एडवर्ड ग्लेझर आणि जोसेफ ग्युर्को यांनी बांधकाम नियमांच्या बाबतीत हेच मांडले. लोकसंख्येच्या तक्त्यात ह्यूस्टन जिंकते आणि जमिनीच्या भावात सान फ्रान्सिस्को. गुंतवणुकीच्या जाहिराती पहिला तक्ता दाखवून दुसऱ्याची आशा लावतात, ही त्यांतली सर्वांत मोठी दिशाभूल आहे.

नेवाडाने याची जबर किंमत मोजली. 2000 ते 2010 या दशकात या राज्याची लोकसंख्या 35 टक्क्यांनी वाढली, देशात सर्वांत वेगाने. तरीही लास व्हेगासमधल्या घरांचे भाव 2006 च्या शिखरावरून उतरत उतरत साठ टक्क्यांहून अधिक कोसळले. फीनिक्समध्येही ते निम्म्याहून खाली आले. माणसे येत होती हे खरेच होते. पण येणाऱ्यांच्या कमाईला न झेपणारी कर्जे वाटली गेली होती, वाळवंटात हवी तेवढी घरे बांधली गेली होती आणि त्यातली कितीतरी राहण्यासाठी नव्हे, पुढच्याला विकण्यासाठी घेतलेली होती.

डॅलसच्या उत्तरेचा पट्टा या सगळ्या घडामोडी जवळून पाहण्याजोगा आहे. फ्रिस्को या गावात 2000 साली 33,714 माणसे होती. 2010 मध्ये ती 1,16,989 झाली आणि 2020 मध्ये 2,00,509. डॅलसहून येणारा टोलरस्ता उत्तरेकडे सरकत गेला आणि त्याच्यामागे वसाहती सरकल्या. शेजारच्या प्लेनोत टोयोटाने 2017 मध्ये आपले उत्तर अमेरिकेचे मुख्यालय हलवले, त्याच सुमारास बँका आणि विमा कंपन्यांची मोठी कार्यालयेही तिथे आली. संगणक क्षेत्रातली नोकरी, चांगली शाळा आणि नवे घर हे तिन्ही एका जागी मिळत असल्याने भारतीय कुटुंबांनी या भागात मोठी वस्ती केली. त्यांत तेलुगू भाषक ठळकपणे दिसतात, मराठी घरेही बरीच आहेत. कार्यसिद्धी हनुमान मंदिर, किराणा दुकाने, क्रिकेटची मैदाने या सगळ्यांनी पुढच्या कुटुंबाचे येणे सोपे केले. ओळखीच्यांच्या मागोमाग ओळखीचे येतात, हा स्थलांतराचा जुना नियम इथेही दिसतो. त्यामुळे मागणी सगळ्या शहरात सारखी पसरत नाही, ठरावीक शाळांच्या हद्दीत एकवटते. एकाच बिल्डरचे एकाच आराखड्याचे घर शाळेच्या सीमारेषेच्या एका बाजूला एका भावाने जाते, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या.

फ्रिस्को भरत आले तसा ओघ पुढे सरकला. 2023 मध्ये वीस हजारांहून मोठ्या शहरांत देशात सर्वाधिक वेगाने वाढलेले गाव होते त्याच पट्ट्यातले सेलायना, एका वर्षात 26.6 टक्के. पुढच्या वर्षी हा मान पूर्वेकडच्या प्रिन्स्टनला मिळाला, पण त्या गावाने सप्टेंबर 2024 मध्ये नव्या घरांच्या परवानग्याच काही काळ थांबवल्या. पाणी, रस्ते, पोलीस यांतले काहीच माणसांच्या वेगाने वाढत नव्हते. अशा नव्या वसाहतींत नळ आणि गटारांसाठी काढलेले कर्जरोखे फेडण्याचा वेगळा कर बहुधा घरमालकांवर बसतो. दहा वर्षांपूर्वी फ्रिस्कोत घर घेतलेल्याला भाववाढ मिळाली. आज त्याच आशेने आणखी वीस मैल उत्तरेला घर घेणाऱ्यापुढे मात्र वेगळी अडचण आहे. त्याला भाडेकरू शोधायचा असतो तेव्हा शेजारचा बिल्डर कोरे घर व्याजाच्या सवलतीसह विकत असतो.

या पट्ट्यातली मागणी व्हिसाशीही बांधलेली आहे. एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली तर नवी शोधण्यासाठी साधारण 60 दिवस मिळतात, नाहीतर देश सोडावा लागतो. ग्रीन कार्डाची भारतीयांची रांग दशकांची आहे. पंधरा वर्षे कर भरलेले, मुले शाळेत असलेले कुटुंब अशा टांगत्या अवस्थेत तीस वर्षांचे कर्ज काढते, ही गोष्ट कुठल्याही लोकसंख्येच्या आलेखात दिसत नाही. पण घर घाईने विकावे लागले तर तिचा परिणाम थेट किमतीवर होतो.

कोविडच्या टाळेबंदीच्या काळात टेक्सासमधल्या ऑस्टिनचा बोलबाला झाला. ओरॅकलने 2020 च्या डिसेंबरमध्ये आणि टेस्लाने 2021 मध्ये मुख्यालय तिथे नेले, घरून काम करणारे कॅलिफोर्नियातले अभियंते तिथे राहायला आले. तीस वर्षांच्या गृहकर्जाचा सरासरी दर जानेवारी 2021 मध्ये 2.65 टक्के इतका खाली आलेला होता. 2022 च्या वसंतात त्या परिसरातल्या घराची मधली किंमत साडेपाच लाख डॉलरांच्या घरात पोहोचली. मग दर चढले, ऑक्टोबर 2023 मध्ये 7.79 टक्के झाले. आणि तेजीच्या काळात परवाने घेतलेल्या हजारो भाड्याच्या सदनिका नेमक्या त्याच सुमारास बांधून तयार झाल्या. माणसे येतच होती, तरी भाडी घसरली आणि घरांचे भावही उतरले. भाडेकरूंना मोठा दिलासा मिळाला, तोही घरे बांधल्यामुळेच, आणि शहराच्या दृष्टीने हे यशच म्हणावे लागेल. शिखरावर खरेदी केलेल्यांचे मात्र नुकसान झाले.

परदेशी स्थलांतराचा परिणाम आधी भाड्यावर दिसतो, कारण नव्याने आलेला माणूस सहसा भाड्यानेच राहतो. 1980 मध्ये क्यूबाच्या मारिएल बंदरातून काही महिन्यांत सुमारे सव्वा लाख लोक बोटींनी अमेरिकेत आले आणि त्यातले बरेच मायामीत राहिले. साइझ यांच्या अभ्यासानुसार 1979 ते 1981 या काळात मायामीतली भाडी तुलनेच्या शहरांपेक्षा 8 ते 11 टक्क्यांनी अधिक वाढली. त्यांच्याच पुढच्या अभ्यासात शहराच्या लोकसंख्येच्या एक टक्का इतके परदेशी आले तर भाडी आणि किमती साधारण एक टक्क्याने वाढतात असे आढळले. हा भार गरीब भाडेकरूंवर आणि आधी आलेल्या स्थलांतरितांवर पडतो, लाभ घरमालकाला होतो.

ओघ उलटा फिरतो तेव्हा काय होते, हे डेट्रॉइटने दाखवले. 1950 मध्ये साडेअठरा लाखांची वस्ती असलेले हे मोटारींचे शहर 2020 मध्ये सहा लाख चाळीस हजारांवर आले. कारखाने गेले, गोरी कुटुंबे उपनगरांत गेली, नंतर कृष्णवर्णीय मध्यमवर्गही गेला. माणसे गेली तरी घरे जागच्या जागी राहतात, त्यामुळे उतरत्या शहरात घराची किंमत ते बांधण्याच्या खर्चापेक्षाही खाली जाते. स्वस्त घरांमुळे गरीब माणूस तिथेच अडकतो आणि शहर हळूहळू, वर्षानुवर्षे खंगत जाते, हे ग्लेझर आणि ग्युर्को यांनी 2005 मध्ये मांडले. डेट्रॉइटमध्ये कर थकलेल्या घरांचे लिलाव पाचशे डॉलरांपासून सुरू होत. जगभरच्या लोकांनी न पाहताच अशी घरे घेतली. हाती आले गळके छप्पर, चोरीला गेलेले तांब्याचे नळ आणि थकलेला कर. शहराने 2013 मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. त्यानंतर हजारो पडकी घरे पाडली गेली, मध्यभागात कार्यालये परतली आणि 2023 च्या अंदाजात 1957 नंतर प्रथमच लोकसंख्या वाढलेली दिसली. पण सुधारणा गल्लीगल्लीत वेगळी आहे. शहराच्या सरासरीवर विसंबून घर घेण्यासारखी स्थिती अजून नाही.

एकाच उद्योगावर वाढलेल्या गावाची गोष्ट आणखी छोटी असते. नॉर्थ डकोटातल्या विलिस्टनमध्ये शेल तेल निघू लागले तसे 2010 ते 2020 या काळात गावाची वस्ती जवळजवळ दुप्पट होऊन 29 हजारांवर गेली. 2014 मध्ये तिथल्या छोट्या सदनिकेचे भाडे न्यूयॉर्कपेक्षा जास्त असल्याच्या बातम्या देशभर छापून आल्या. त्याच वर्षी तेलाचे भाव कोसळू लागले, कामगार गेले आणि नव्या कोऱ्या इमारतींत मजलेच्या मजले रिकामे पडले.

2008 च्या मंदीनंतर या बाजारात मोठ्या कंपन्या उतरल्या. ब्लॅकस्टोनने 2012 मध्ये उभ्या केलेल्या इन्व्हिटेशन होम्सने बँकांनी जप्त केलेली घरे स्वस्तात घ्यायला सुरुवात केली ती फीनिक्समधून. नंतर अटलांटा, शार्लट, टॅम्पा अशी माणसे खेचणारी शहरेच त्यांनी आणि त्यांच्या स्पर्धकांनी निवडली. संबंध देशात अशा कंपन्यांकडे भाड्याच्या स्वतंत्र घरांपैकी जेमतेम तीन टक्के आहेत. पण 2022 च्या आकड्यांवरून अटलांटात हा वाटा सुमारे 25 टक्के होता, जॅक्सनव्हिलमध्ये 21. पहिले घर घेऊ पाहणाऱ्या तरुण कुटुंबाला त्याच तीन खोल्यांच्या घरासाठी रोख पैसे मोजणाऱ्या कंपनीशी झुंजावे लागले, हा राग खराच आहे.

छोट्या गुंतवणूकदाराचा हिशेब शेवटी भाड्यातून काय उरते यावर येतो. समजा टेक्सासच्या उपनगरात तीन लाख डॉलरांचे घर घेतले आणि महिना दोन हजार भाडे मिळाले, तर वर्षाचे 24 हजार होतात. त्यातून सहा हजार मालमत्ता कर, तीन हजार विमा आणि दुरुस्ती, व्यवस्थापकाचे कमिशन, एखादा रिकामा महिना मिळून पाच हजार गेले तर दहा हजार उरतात. किमतीच्या मानाने हे सुमारे 3.3 टक्के झाले. व्यवहारात याला कॅप रेट म्हणतात. कर्जाचा दर सात टक्के असेल तर हे घर दरमहा खिशातूनच पैसे मागते आणि सगळी भिस्त भाववाढीवर राहते. लोकसंख्यावाढीचे भाकीत चुकले, किंवा ते खरे ठरूनही बिल्डरांनी पुरेशी घरे बांधली, तर ती भाववाढ येत नाही. म्हणूनच जाणकार गुंतवणूकदार येणाऱ्या माणसांच्या बरोबरीने मंजूर झालेले बांधकाम परवाने, रिकाम्या घरांचे प्रमाण आणि येणाऱ्यांची मिळकत हे तीन आकडे पाहतात.

आता निसर्गही हिशेबात आला आहे. ॲरिझोनाच्या 1980 च्या भूजल कायद्यानुसार फीनिक्स परिसरात नव्या वसाहतीला शंभर वर्षांचे पाणी दाखवावे लागते. जून 2023 मध्ये राज्याने जाहीर केले की केवळ भूजलावर विसंबलेल्या नव्या वसाहतींना तिथे यापुढे मंजुरी मिळणार नाही. ज्यांच्याकडे पाण्याचा हक्क आहे त्या जमिनी वधारतात, कडेच्या वाळवंटातल्या घेऊन ठेवलेल्या जमिनी अडकतात. फ्लोरिडात वादळांमुळे घरविमा महागला. तिथल्याच सर्फसाइडमध्ये जून 2021 मध्ये इमारत कोसळून 98 जण दगावले. त्यानंतरच्या कायद्याने जुन्या इमारतींना तपासणी आणि दुरुस्ती निधी बंधनकारक केला, तेव्हा समुद्रकाठच्या जुन्या सदनिकांचे मासिक खर्च एकदम वाढले आणि भाव पडले. फ्लोरिडातलेच केप कोरल 2022 च्या इयन वादळाच्या तडाख्यात सापडले आणि पुढच्या काही वर्षांत तिथले भाव देशात सर्वांत जास्त उतरणाऱ्यांत गणले गेले. हे शहरही टाळेबंदीच्या काळात येणाऱ्यांनी गजबजले होते.

2030 च्या दशकात अमेरिकेत मृत्यूंची संख्या जन्मांपेक्षा जास्त होईल, असा तिथल्या संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज आहे. त्यानंतर देशाची वाढ संपूर्णपणे परदेशातून येणाऱ्यांवर राहील. सीमा बंद राहिल्या तर टेक्सास आणि फ्लोरिडाला वाढण्यासाठी दुसऱ्या राज्यांची माणसेच ओढावी लागतील, आणि ओहायो, इलिनॉय, मिशिगनमधल्या ज्या शहरांना परदेशी कुटुंबांनी सावरून धरले आहे, तिथली घरे सर्वांत आधी रिकामी होऊ लागतील.